ताळा

अकरावी 'ब'च्या फोटोत आम्ही सत्तावीस जण आहोत.
मी मोजले. परत मोजले, खालून वर.
ही याद्विगाबाईंची सवय:
बेरीज वरून खाली केली असेल
तर ताळा खालून वर करायचा,
आणि ताळा नसेल तर अर्धा गुण गेला.
त्या अर्ध्या गुणावरून वितावत भांडला होता,
'पण उत्तर तर बरोबर आहे!'
बाई म्हणाल्या, बरोबर आहे हे तुला कुणी सांगितलं?

न्योमनच्या काठी आमचं गाव,
साखरेचा कारखाना, एक चौक, चौकात जुना रणगाडा,
आणि शाळा. तिथल्याच व्यायामशाळेत
पाच वर्षांतून एकदा मोठी माणसं मतं टाकतात,
टांगलेल्या दोरखंडांखाली.
त्या ऑगस्टमध्ये मी गेले, मनगटाला पांढरी फीत.
टेबलामागे बाई, त्याच राखाडी स्वेटरमध्ये,
यादीवरून पट्टी खाली सरकवत.
'सही रेघेवर कर,' म्हणाल्या.
नजर फितीवर थांबली
आणि पट्टी पुढच्या नावावर गेली.

रात्री शाळेच्या दारावर कागद लागला.
मोबाईलच्या उजेडात आम्ही तो वाचला,
कुणाला किती, कुणालाच नाही ती किती,
खाली सात सह्या. तिसरी त्यांची,
पहिल्या अक्षराचा पाय तसाच लांब.
गर्दी ओरडत होती: लाज! लाज!
दारातून कुणी आलं नाही.
पण स्वयंपाकघरामागचं कोळशाचं दार मला ठाऊक होतं,
भूगोलाचा तास बुडवून आम्ही तिथूनच सटकायचो.
धावत गेले.
बाई ओल्या गवतातून चालल्या होत्या, बूट हातात.
ओरडायला मी तोंड उघडलं
आणि, काय सांगू,
नुसती उभी राहिले,
वर्गात बाई आल्यावर राहायचो तशी.

तीन दिवसांनी चौकात स्ताखनं मला ओळखलं.
मी त्याला कशी ओळखणार? फक्त डोळे उघडे होते.
शेवटच्या घंटेच्या दिवशी पहिलीतल्या एका चिमुरडीला
खांद्यावर घेऊन हाच मैदानभर फिरला होता.
एका हातानं ती घंटा वाजवत होती,
दुसऱ्यानं भीतीनं त्याचा कान पिळत होती
आणि हा म्हणत होता, धर, धर, मी पडू देणार नाही.
आता काठीच्या टोकानं त्यानं मला गल्लीत ढकललं:
'घरी जा, उस्त्या.'
माझ्या शेजारच्या पोराला त्यानं नाव विचारलं नाही.
हे उपकार मी कुठल्या रकान्यात मांडू?

वितावतला आत जाऊन चार वर्षं झाली.
पत्रात फक्त हवामान असतं.
पावलीनाला नगरपालिकेत बढती मिळाली.
माझ्या वाढदिवसाला न चुकता फुलाचं चित्र पाठवते,
खाली एक शब्द नाही.
मीही फूल पाठवते.

मी सीमेपलीकडे, बियाविस्तोकमध्ये पाव भाजते.
रात्रपाळीत, कणीक फुगेपर्यंत करायला काही नसतं.
अशाच एका रात्री दारावरच्या त्या कागदाचा फोटो
मोबाईलवर मोठा केला आणि उगाच
बेरीज केली, खालून वर.
अकरानं चुकते.
वाटलेल्या मतपत्रिकांपेक्षा मतं अकरा जास्त.

पस्तीस वर्षं फळ्यावर
एक हातचा न विसरलेली बाई.
थकल्या असतील. रात्रीचे दोन,
आकडे वरून आलेले, मागे कुणीतरी उभं.
पण कधी वाटतं, ती चूक त्यांनी राहू दिली,
आमच्यातलं कुणीतरी ताळा करेल म्हणून.
आणि कधी वाटतं,
मला तसं वाटायला हवंय, म्हणून वाटतं.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी, शिक्षक दिनाला, फोन लावला.
बटाटे कसे निघाले, गुडघा,
यंदा थंडी लवकर आली,
नीट जेवतेस ना?
अकरा माझ्या जिभेवर होते.
लाईनवर आपण दोघीच नाही
हे दोघींना माहीत होतं.
बराच वेळ केटलीचा आवाज येत राहिला.
मग म्हणाल्या, चल, ठेवते,
वह्या तपासायच्यात.

निवृत्त होऊन त्यांना दोन वर्षं झालीत.